उठले तिथनं वाचा

माणसाची खरी किंमत तो खुर्चीवर असताना कळत नाही, खुर्ची गेल्यावर कळते. हे वाक्य मी पूर्ण गांभीर्यानं, उजवा हात किंचित वर करून उच्चारलं. समोर रेवणअप्पा उकरंडे पायाच्या अंगठ्याचं नख कापत होते.

"मग माझी किती आली?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी हात खाली घेतला.

सत्त्याण्णव सालचा फेब्रुवारी. बोरसांगवीच्या कॉलेजात मी इतिहास शिकवायचो, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर मी प्राध्यापक, न झाला तर बेकार. अप्पा कॉलेजच्या संस्थेवर होते आणि माझ्या कायम नेमणुकीचं 'बघतो' म्हणाले होते. त्यामुळे सकाळी नऊ वाजता त्यांच्या ओट्यावर बसून मी त्यांना माणसाच्या किमतीविषयी सांगत होतो.

अप्पा अकरा वर्षं बोरसांगवीचे नगराध्यक्ष होते. मग अध्यक्षपदाची सोडत निघाली आणि चिठ्ठीत महिला आली. अप्पा डगमगले नाहीत. त्यांनी बायकोला, महादेवीअक्कांना, उभं केलं. "सही तिची, डोकं माझं," असं ते प्रचारातच सांगत होते आणि लोकांनी त्याच बोलीवर मतं दिली होती. अक्का निवडून आल्या, जीपमध्ये बसून पालिकेत गेल्या, आणि त्यानंतर चार महिने अप्पांच्या डोक्याची कुणी चौकशी केली नाही.

"अकरा वर्षं," अप्पा म्हणाले, "संध्याकाळी सहाला शिपाई लाल रुमालात बांधून फायली घरी आणायचा. ह्या ओट्यावर ठेवायचा. येणारेजाणारे बघायचे. आता बी येतो शिपाई."

"येतो ना मग."

"डबा न्यायला."

त्यांनी नखं गोळा करून कागदात बांधली. परीटघडीचा सदरा, वर जाकीट, पायात चपला. जायचं कुठंच नव्हतं. तरी ते दर दोन मिनिटांनी उठत, कोपऱ्यापर्यंत बघत, पुन्हा बसत. त्या ओट्याची शहाबादी फरशी त्यांच्या बसायच्या जागी गुळगुळीत झाली होती. उठायच्या जागीही आता होऊ लागली होती.

"सर, तुमच्या कॉलेजात अमेरिकेच्या अध्यक्षांची पुस्तकं हायत म्हणे."

होती. कुणीतरी कधीतरी भेट दिलेली इंग्रजी चरित्रं, जाडजूड, काचेच्या कपाटात. पंधरा वर्षांत त्यांना फक्त झुरळांनी हात लावला होता.

"तिकडं आठ वर्षांच्या वर कुणाला बसू देत न्हाईत, खरं का?"

"खरं."

"म्हंजे माजी अध्यक्ष लई झाले असणार."

"बरेच."

"ते दिवसभर काय करतात?" अप्पांनी विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती. "तेवढं वाचून सांगा मला. रोज सकाळी या. तुमच्या ऑर्डरचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी मी वॉशिंग्टन घेऊन गेलो. पहिलं पान उघडून जन्म कुठं झाला ते सांगू लागलो, तर अप्पांनी हात आडवा धरला.

"लहानपण नको. गरिबी असंल, न्हाईतर शेतीवाडी असंल. खुर्चीवर बसले ते बी नको, मी बसलोय. उठले तिथनं वाचा."

मी साडेतीनशे पानं उलटली.

"उठल्यावर गावी गेले. रोज घोड्यावरून शेताची पाहणी करायचे. एक दिवस बर्फात भिजले, घसा धरला आणि दोन दिवसांत गेले. खुर्ची सोडून तीन वर्षंही झाली नव्हती."

अप्पांनी थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं. "दुसरा काढा."

दुसरा, म्हणजे माझ्या पिशवीतला दुसरा, पोक होता. "हे तीन महिन्यांत गेले."

"कशाचे तीन महिने?"

"खुर्ची सोडल्यापासून."

"मला चवथा चालू हाय," अप्पा म्हणाले आणि आत जाऊन पाणी पिऊन आले.

असं तीन आठवडे चाललं. मी रोज एक चरित्र शेवटून तीस पानं वाचायचो आणि सांगायचो. अप्पा ऐकायचे ते करमणूक म्हणून नव्हे. दुकानात कापड बघावं तसं प्रत्येकाचं म्हातारपण बोटांत धरून बघायचे. ट्रूमन आपल्या गावात रोज सकाळी काठी घेऊन पायी फिरायचे, हे त्यांना आवडलं. दुसऱ्या दिवशी तेही काठी घेऊन निघाले. पेठेत पोचेपर्यंत चार जणांनी गटारीची तक्रार केली. अप्पांनी चौघांनाही सवयीनं "उद्या माणूस पाठवतो" म्हणून सांगितलं. घरी आल्यावर लक्षात आलं, पाठवायला माणूस नाही. फिरणं बंद.

टाफ्ट पुढं सरन्यायाधीश झाले, हे ऐकून त्यांनी ओट्यावर न्यायनिवाडा सुरू केला. दोन भाऊ सामाईक भिंतीचं भांडण घेऊन आले. अप्पांनी दीड तास ऐकून घेतलं आणि अतिशय शहाणा निकाल दिला. भावांनी वाकून नमस्कार केला. थोरला म्हणाला, "लई बेस सांगितलंत अप्पा. अक्कांना एकदा इचारतो आन् मग तसंच करतो."

थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेत शिकारीला गेले. "काय मारलं?" "सिंह, हत्ती, गेंडे, शेकड्यांनी." अप्पांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. "शिव शिव. दुसरा."

धाकटे अ‍ॅडम्स अध्यक्षपद गेल्यावर साधे सभासद म्हणून सभागृहात परत गेले, सतरा वर्षं बसले आणि तिथंच कोसळले.

"म्हंजे वॉर्ड मेंबर?"

"साधारण."

"आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर कोण?"

"दुसरेच."

"बायको न्हवती ना?"

"नाही."

"मग त्याचं सोपं होतं," अप्पा म्हणाले.

विल्सनचा खंड मी घरीच ठेवला होता. विल्सन आजारी पडल्यावर कुठला कागद त्यांच्यापुढं जाऊ द्यायचा आणि कुठला नाही, हे त्यांची बायको ठरवायची, असं त्यात आहे. मला ऑर्डर हवी होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात क्लीव्हलंड आले. हे एकदा अध्यक्ष झाले, हरले, चार वर्षं घरी बसले आणि पुन्हा अध्यक्ष झाले. अप्पांनी मांडी बदलली.

"परत?"

"परत. आणि जाताना त्यांची बायको नोकराला म्हणाली, सामान नीट सांभाळ, आम्ही आलो की सगळं आहे तसंच दिसलं पाहिजे. नोकर म्हणाला, कधी येणार? ती म्हणाली, आजपासून बरोबर चार वर्षांनी."

अप्पा उभे राहिले. ओट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेले.

"ही बायको!" ते म्हणाले. "सर, हे पान घेऊन पालिकेत जा. तिला वाचून दाखवा. म्हणावं, ही बघ. मला राजीनामा नको, कायी नको. फायली तेवढ्या संध्याकाळी घरी येऊ देत म्हणावं. मी नुसत्या बघीन."

"अप्पा, तुम्हीच घरी का नाही बोलत?"

"घरी ती भाजी निवडत असती," अप्पा म्हणाले. "अध्यक्षांशी आफिसात बोलावं."

पालिकेत अध्यक्षांच्या दालनात भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरींची रांग होती. शेवटची, नव्या कोऱ्या चौकटीतली, अप्पांची. तिच्या बरोबर खाली अक्का बसल्या होत्या, डोक्यावर पदर, नाकावर चष्मा, समोर फाईल. शाळा सातवीपर्यंत. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत त्या वाचत होत्या. शेवटच्या ओळीपर्यंत पोचल्याशिवाय सही करत नसत. त्यामुळे पूर्वी दिवसाला चाळीस फायली निघायच्या त्या आता चार निघत. बाहेर बाकावर बसलेले कंत्राटदार एकमेकांना भुईमुगाच्या शेंगा देत होते. वेळ घालवायला माणूस जे करतो ते सगळं त्यांचं करून झालं होतं.

मी क्लीव्हलंडबाईंचं पान मराठीत वाचून दाखवलं. अक्कांनी शांतपणे ऐकलं.

"ह्या बाईनं मधली चार वर्षं काय केलं?"

मी पानं चाळली. "मुलगी झाली."

"म्हणजे रिकामी नव्हती." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "फायली घरी पाठव म्हणाले असतील."

"नुसत्या बघीन म्हणाले."

"सर, अकरा वर्षं फायली घरी यायच्या. मी चहा द्यायची. ते बघायचे ते एवढंच." त्यांनी बोटानं हवेत गुणाकाराचं चिन्ह काढलं. "मुजावर भाऊसाहेब हेडक्लार्क होते तेव्हा. सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून ठेवायचे. हे फुली बघून सही करायचे. रेडिओवर बातम्या संपेपर्यंत गठ्ठा संपायचा. मी एकदा म्हटलं, वाचा तरी. म्हणाले, वाचायला मुजावर आहे. मुजावरांना विचारलं तर म्हणाले, अक्का, मी फक्त फुली मारतो, वाचायला अप्पा आहेत."

हे सांगताना त्या हसल्या नाहीत. खालच्या खणातून त्यांनी एक फाईल काढली. धूळ पुसलेली दिसत होती, पण कडा पिवळ्या पडल्या होत्या.

"ही कपाटाच्या तळाला सापडली. आठ वर्षं झाली. ह्यांच्याच सहीची आहे. मला सही करवत नाही आणि ठेवूनही देववत नाही. आज ही एक घरी पाठवते. ह्यांनी वाचावी आणि काय करायचं ते लिहून द्यावं. ते लिहितील तसं मी करीन." फाईल लाल रुमालात बांधता बांधता त्या थांबल्या. "फक्त सर, पहिल्या पानापासून वाचून दाखवा. ते पहिलं पान कधी बघत नाहीत."

वाटेत रसाच्या गुऱ्हाळावर बसून मी पहिलं पान बघितलं.

एकोणनव्वद साली मुख्य रस्त्याच्या रुंदीकरणासाठी पालिकेनं मोजणी केली होती. रस्त्यात आलेले एकतीस ओटे निघाले. एकतीसही पाडायचा हुकूम अप्पांनी एका बैठकीत सह्या करून दिला होता. त्यातले तीस महिनाभरात पाडले गेले. त्या वेळी बायामाणसं रडत पालिकेवर आली होती, हे मलाही ऐकून माहीत होतं. एकतिसावा राहिला. त्याची फाईल मुजावर भाऊसाहेबांनी, फुली मारून सही झाल्यावर, बहुधा पहिल्यांदाच वाचली असावी आणि कपाटाच्या तळाशी घातली असावी. घर क्रमांक दोनशे सतरा. मालक : रेवणसिद्ध महालिंग उकरंडे.

मी रस अर्धा सोडून उठलो.

मला लांबून लाल रुमालासकट येताना बघून अप्पा आत गेले. मी पोचलो तेव्हा ते तोंड धुऊन, दुसरा सदरा घालून ओट्यावर बसले होते. शेजारचे चन्नप्पा तोरणे समोरच्या पायरीवर टेकले होते. चन्नप्पांचं घर दोनशे सोळा. त्यांच्या दाराशी ओटा नव्हता; एकोणनव्वदपर्यंत होता. तेव्हापासून ते अप्पांच्या पायरीवर बसत.

"फायली चालू झाल्या वाटतं, अप्पा?"

"होणारच," अप्पा म्हणाले. "किती दिवस अडणार?"

त्यांनी रुमालाची गाठ सोडली. इतक्या हळू की रस्त्यावरचे आणखी दोघे थांबले. मग त्यांनी फाईल उलटी करून मागून उघडली, पानभर नजर फिरवली आणि माझ्याकडे बघितलं.

"फुली कुठाय?"

"फुली नाही. वाचून शेरा लिहायचाय म्हणाल्या अक्का."

"मग वाचा. शेवटचं."

"अप्पा, पहिल्या पानावर—"

"सर, वॉशिंग्टनचं लहानपण ऐकलं का मी?"

"नाही, पण इथं पहिल्या पानावर घराचा—"

"शेवटचं वाचा हो. चार माणसं उभी हायत."

चार नव्हती, आता सात होती. मी चन्नप्पांकडे बघितलं. ते शेंगदाणे खात माझ्याकडेच बघत होते. मी शेवटचं पान वाचलं. "सदर ओटा रस्त्याच्या हद्दीत साडेचार फूट पुढे आलेला असून तो काढून टाकण्यास मंजुरी आहे."

"आणि आठ वर्षं पाडला न्हाई?" अप्पांचा आवाज चढला. अकरा वर्षांतला तो जुना आवाज चार महिन्यांनी बाहेर आला होता आणि त्यालाच बरं वाटत होतं. "बगा चन्नप्पा! तुमचा पाडला तेव्हा माझ्या नावानं बोटं मोडलीत. आणि कुणीतरी एक वशिल्याचा शहाणा आठ वर्षं आरामात बसलाय!"

"असतात असली माणसं," चन्नप्पा म्हणाले.

"अप्पा, आत येता का जरा? एकदा पहिलं पान—"

"पेन द्या." त्यांनी माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं आणि स्वतः लिहिलं. लिहिताना मोठ्यानं वाचलंही. "माझा निर्णय योग्यच होता. कोणाचीही गय करू नये. तात्काळ अंमल व्हावा. रे. म. उकरंडे, माजी अध्यक्ष." खाली सही केली. सही बघून त्यांना राहवलं नाही, शेजारी आणखी एक केली.

मी फाईल बांधली. तेव्हा मला अजून एकदा म्हणता आलं असतं. मी सात जणांकडे बघितलं, अप्पांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गाठ आवळली. ऑर्डरचा विचार केला नाही असं मी म्हणणार नाही.

पालिकेत अक्कांनी शेरा वाचला. ओळीखाली बोट धरून एकदा, मग पुन्हा. मग चष्मा काढला.

"पहिल्या पानापासून वाचलंत?"

"मी सुरुवात केली होती," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

"मला वाटलं होतं भांडतील. निदान माप चुकलं म्हणतील." त्या थोडा वेळ वरच्या तसबिरीकडे बघत राहिल्या. "छत्तीस वर्षं संसार केला. माणूस कळला नाही बघा मला."

त्यांनी सही केली.

दोन दिवस बातमी गावभर फिरली. फक्त अप्पांना ती कुणी सांगितली नाही, कारण ती त्यांचीच होती. गुरुवारी सकाळी नऊला मी वाचनासाठी कोपऱ्यावरून वळलो तर उकरंड्यांच्या दारात दोनेकशे माणसं. पालिकेचे सहा कामगार, कुदळी, पहारी. त्या तीस घरांतली झाडून सगळी माणसं आली होती. काही जणी ठेवणीतली लुगडी नेसून. चन्नप्पांच्या हातात झेंडूचा हार. जीप उभी होती, पण अक्का त्यात बसलेल्या नव्हत्या. त्या दाराशी उभ्या होत्या.

आवाज ऐकून अप्पा बाहेर आले. गर्दी बघून आपोआप हात जोडले गेले. चन्नप्पांनी हार घातला. टाळ्या झाल्या.

"कसला कार्यक्रम?" अप्पांनी हसत विचारलं.

"तुम्ही लिहिलंत तसंच करतेय," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मला दोनदा वाचावं लागलं."

"मग? वाचलं ते बरं केलंस. पर कशाचं?"

मुकादम नम्रपणे पुढं आला. "अप्पा, जरा खाली उतरता? ओटा घ्यायचाय."

अप्पांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागं काही उरलं नाही. त्यांनी हात पुढं केला. मुकादमानं फाईल दिली. सवयीनं त्यांनी ती मागून उघडली. तिथं त्यांच्या तीन सह्या होत्या. एक जुनी, दोन ताज्या. मग त्यांनी सगळी पानं उलटवून पहिलं काढलं आणि ते वाचलं. बराच वेळ वाचलं.

अप्पांनी मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. मी पुढं गेलो.

"सर, हे तुम्ही वाचलंवतं?" अगदी हळू.

"हो."

"आणि?"

"तुम्ही म्हणालात, शेवटचं वाचा."

ते माझ्याकडे बघत राहिले. दोनच शब्द बोलायचे होते, 'वाचलं नव्हतं', आणि ओटा वाचत होता. त्यांनी एकदा अक्कांकडे बघितलं. अक्का त्यांच्याकडे बघत होत्या. तसं त्यांच्याकडे गेल्या चार महिन्यांत कुणी बघितलं नव्हतं. कदाचित छत्तीस वर्षांतही नसेल.

"नारळ आणलाय का न्हाई कुणी?" अप्पांनी मोठ्यानं विचारलं.

नारळ होता. अकरा वर्षं अप्पांनी मुतारीपासून व्यायामशाळेपर्यंत सगळ्याची उद्घाटनं केली होती आणि दुसरा घाव कधी घातला नव्हता. त्यांनी चपला काढल्या, गुळगुळीत झालेल्या फरशीच्या कडेवर नारळ आपटला. सरळ दोन तुकडे झाले. पाणी ओट्यावरून ओघळून रस्त्यावर गेलं.

"चालू द्या," ते म्हणाले.

पहिली कुदळ पडली तेव्हा अप्पा खाली रस्त्यात उभे होते, गळ्यात हार. लोक येऊन पाया पडत होते. एक म्हातारी त्यांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडून गेली. दुपारी अक्का डबा न्यायला शिपाई पाठवायचं विसरल्या म्हणून अप्पांनीच तो पालिकेत नेऊन दिला आणि लोक म्हणतात, तासभर आत बसून होते. त्यानंतर संध्याकाळी सहाला फायली घरी आल्या का, हे मला माहीत नाही. मला पुन्हा वाचनाला बोलावणं आलं नाही. पुस्तकं मी कपाटात ठेवून दिली. माझी ऑर्डर जूनमध्ये निघाली. त्यावर अप्पांची सही होती.

सात महिन्यांनी चन्नप्पांनी घर विकायला काढलं आणि त्यासाठी सरकारी मोजणी मागवली. भूमापनवाले साखळी घेऊन आले, दोन दिवस रस्ताभर खुणा करत फिरले. अप्पांचा ओटा घराच्याच हद्दीत होता, रस्त्यात आलेलाच नव्हता. बाकीचे तीसही.